घड्याळाचा शब्द

मेहरूणच्या तळ्यावर सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा आमच्या मनगटावर साडेबाराच्या आसपास झालेले असतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि जळगाव तिच्या पश्चिमेला जवळजवळ सात अंश. अंशाला चार मिनिटे, म्हणजे २८ मिनिटे आम्ही सूर्याला सोडून सरकारच्या शब्दावर जगतो. १९०६ साली ही वेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ पुढे कित्येक वर्षे उराशी धरली होती. वेळ ही शेवटी मानण्याची गोष्ट. मग मानायचे कोणाचे?

हा प्रश्न मला पडला तो एका अपराधातून. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या वर्गावर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून उत्तरपत्रिका गोळा केल्या. एक मुलगा म्हणाला, "सर, अजून पाच मिनिटे आहेत." मी घड्याळाकडे बोट दाखवले. संध्याकाळी रेडिओच्या ठोक्याशी ताडून पाहिले, तो घड्याळच पाच मिनिटे पुढे! त्याचे शेवटचे गणित अर्धे राहिले होते.

तोच मुलगा आता पुण्याला संगणकांच्या कामात आहे. दिवाळीला घरी आला, की आमच्याकडे फराळाला येतो. गेल्या वर्षी चिवडा खाता खाता त्याने सांगितले, की संगणकसुद्धा एकमेकांना वेळ विचारतात. १९८५ साली डेव्हिड मिल्स या अमेरिकन गृहस्थाने त्याचे नियम लिहून काढले. (जगाला वेळ सांगणारा हा माणूस उतारवयात दृष्टी गमावून बसला होता.) आपल्याकडे प्रमाणवेळ राखते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. पण वाटेत कुणी तोतया उभा राहून भलतीच वेळ सांगू लागला, तर?

त्यावरचा जुना उपाय मोठा घरगुती आहे. वेळ सांगणारा आणि विचारणारा, दोघांजवळ एकच गुप्त किल्ली. किल्ली म्हणजे अक्षरांची एक ओळ. तिला एक क्रमांक, आणि "ही विश्वासाची" अशी दोन्हीकडे नोंद. निरोप उघडाच जातो, वेळेत लपवण्यासारखे काय आहे? पण निरोप आणि किल्ली एकत्र घोटून एक ठसा काढतात आणि तो निरोपाला जोडतात. घेणारा आपल्या किल्लीने तसाच ठसा काढून पाहतो. जुळला तर निरोप घ्यायचा, नाही तर टाकून द्यायचा. किल्ली मात्र त्याच वाटेने उघडी पाठवायची नाही. अमेरिकेतल्या सरकारी वेळसंस्थेने तर ती चक्क टपालाने पाठवण्याची रीत ठेवली!

मी मास्तरी शंका काढली, "वेळ सांगणाराच चुकला तर?"

"तर चूक शिक्क्यासह येईल," तो म्हणाला. "ठसा एवढेच सांगतो, की शब्द त्याचाच आहे आणि वाटेत बदललेला नाही. खरा की खोटा, ते नाही. म्हणून शहाण्याने चार ठिकाणी विचारावे."

आणि यातली खरी मेख त्याने सहज बोलून टाकली. किल्ली दोघांजवळ एकच, म्हणजे ठसा दोघांनाही काढता येतो. तो मी काढलेला नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तो तुझा. पण तिसऱ्यापुढे हा पुरावा चालत नाही. तो म्हणेल, कशावरून तूच काढला नाहीस?

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या पाच मिनिटांचे आमचे तसेच होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्याला गाठून चूक कबूल केली होती. "जाऊ द्या सर," म्हणून तो हसला होता. मुख्याध्यापकांना मी सांगितले नाही. पुरावा कुठे होता, अशी मी मनाची समजूत घातली. घड्याळ तर त्याच रात्री मीच नीट केले होते! दोघांत विश्वास होता, हे खरे. पण त्या विश्वासाआड मी लपलो, हेही तितकेच खरे. त्याला न्याय तिसऱ्याकडूनच मिळायचा होता आणि तिथवर माझा शब्द मी पोचू दिला नाही.

हे त्याला बोलून दाखवावे असे फार वाटले. तेवढ्यात सौभाग्यवतींनी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत तो म्हणाला, "निघतो सर, गाडीची वेळ झाली."