मर्गट्रॉइड : एकमूळ आणि एकशेष

मर्गट्रॉइड हे इंग्लंडमधले एक विरळ आडनाव. त्याचे मूळ ठिकाण यॉर्कशरच्या पश्चिम भागात, हॅलिफॅक्स शहराला लागून असलेल्या वॉर्ली गावाच्या हद्दीत आहे. नावाची फोड सोपी आहे. ‘मूर’ म्हणजे उंचावरचे ओसाड माळरान. ‘गेट’ म्हणजे वाट. हा अर्थ उत्तर इंग्लंडात स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या बोलीतून रुजला, फाटकाशी त्याचा संबंध नाही. ‘रॉइड’ म्हणजे झाडझाडोरा तोडून लागवडीखाली आणलेली जमीन. माळाकडे जाणाऱ्या वाटेवरची नवी मोडलेली जमीन, एवढाच एकूण अर्थ. काही जुन्या कोशकारांनी नावाच्या पहिल्या भागात मार्गारेट नावाची बाई शोधली. चौदाव्या शतकातल्या कारकुनांचे वेडेवाकडे वर्णलेखन पाहता तो मोह समजण्यासारखा आहे, पण त्या मुलखाचा उतार, माळ आणि वाटा पाहिल्या तर बाईची गरज उरत नाही. अकरॉइड, हॉलरॉइड, बूथरॉइड, लीरॉइड ही सगळी याच मुलखातली, याच घडणीची आडनावे.

1887 साली गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीने ‘रडिगोर’ या संगीतिकेत मर्गट्रॉइड नावाचे शापित सरदार घराणे रंगवले आणि नावाला एक खोटा भारदस्तपणा चिकटला. वॉर्लीचे मर्गट्रॉइड सरदार नव्हते. ते शेतकरी आणि विणकर होते.

आडनावाचा पहिला ठळक पुरावा 1371 चा आहे. त्या वर्षी वॉर्लीच्या कॉन्स्टेबलपदी जॉन नावाचा माणूस नेमला गेला आणि त्याच्या नावापुढे ‘मर्गट्रॉइडचा’ अशी लॅटिन नोंद झाली. हे कॉन्स्टेबलपद म्हणजे पगारी पोलिसाची नोकरी नव्हे. गावातल्या खातेदाराने काही काळ उचलायची ती जबाबदारी होती. पुढे 1379 च्या डोईपट्टीच्या यादीत हे नाव पुन्हा भेटते. ही यादी उघडली की आडनावे घडताना दिसतात. एकेका गावाखाली माणसांची रांग, नाव, बायको असल्यास ‘आणि पत्नी’ असे दोन-तीन अक्षरांत, कारागीर असल्यास त्याचा धंदा, आणि शेवटी रोमन आकड्यांत रक्कम. बहुतेकांपुढे चार पेनी, कारण जोडप्याला किंवा सोळा वर्षांवरच्या एकट्या माणसाला लागणारा तो किमान दर होता. पश्चिम यॉर्कशरच्या या याद्या चांगल्या टिकल्या आणि एकोणिसाव्या शतकात छापूनही निघाल्या. आडनावांच्या अभ्यासात या जिल्ह्याचे नाव वारंवार येते, त्याला हेही एक कारण आहे.

‘अमुक ठिकाणचा’ ही नोंद पत्ता आहे की आडनाव, हा प्रश्न अशा यादीत पावलोपावली पडतो. माणूस त्याच ठिकाणी राहत असेल तर तो पत्ता असू शकतो. मुलगा दुसऱ्या गावी जाऊनही तेच नाव लावू लागला, की ते आडनाव झाले. मोठ्या गावांच्या नावांवरून पडलेली आडनावे बहुधा ते गाव सोडल्यावरच पडतात. लँकेस्टरमध्ये राहणाऱ्या माणसाला लँकेस्टरचा म्हणून वेगळे ओळखण्यात काही हशील नसते. एकट्या वस्तीचे मात्र उलटे आहे. मर्गट्रॉइड ही एकच वाडी, तिथे एखादेच कुळ राहणार, म्हणून घरात राहत असतानाच ते नाव अंगाला चिकटते. पश्चिम यॉर्कशरमध्ये अशी वाडीची आडनावे विलक्षण दाट आहेत. जॉर्ज रेडमंड्स यांनी 1973 साली या भागाच्या आडनावांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातून जमिनीचा आणि नावाचा हा सांधा प्रथम नीट पुढे आला. त्याआधीचे बरेचसे आडनाव-संशोधन म्हणजे शब्दकोश चाळणे होते.

या मुलखात आडनावे रुजून राहिली याचे कारण जमिनीत आणि मागात आहे. हॅलिफॅक्स हा इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या चर्च-परगण्यांपैकी एक. जमीन निकस, पाऊस भरपूर, ओटच्या पलीकडे पीक फारसे नाही. थोरल्या-धाकट्यांत तुकडे पाडल्यावर निव्वळ शेतीवर कोणाचेही भागले नसते. पण घरोघरी माग होता, आणि कर्सी नावाच्या जाडसर लोकरी कापडाला बाजार होता. 1720 च्या दशकात डॅनियल डेफो या भागातून गेला तेव्हा त्याला उतारभर विखुरलेली घरे दिसली, आणि जवळपास प्रत्येक घरापाशी चौकटीवर ताणून वाळत घातलेले कापड. पाचसात एकरांचा तुकडा आणि एक माग असला की मुलगा लग्न करून शेजारच्याच उतारावर संसार थाटू शकत होता. इतरत्र शेतकऱ्याचा दुसरा-तिसरा मुलगा परागंदा होई. इथे तो दोन शेते पलीकडे राहिला.

या धंद्यात काही जण वर आले. हॅलिफॅक्सचा कापडवाला जेम्स मर्गट्रॉइड याने 1630 च्या दशकात कीथलीजवळचे ईस्ट रिडल्सडेन विकत घेतले आणि 1640 च्या दशकात तिथे वाडा उभारला. यादवी युद्धाचे ते दिवस. वाड्याशेजारच्या इमारतीवर राजा पहिला चार्ल्स आणि राणी यांची मुखे कोरलेली आहेत, आणि ‘राजा चिरायु होवो’ असे फ्रेंचमध्ये लिहिले आहे. कापडवाल्याला राजनिष्ठा अशी दगडात मिरवावीशी वाटली, हे त्या काळच्या नव्या श्रीमंतीबद्दल पुष्कळ सांगून जाते. वाडा पुढे स्टार्की घराण्याकडे गेला. आता तो नॅशनल ट्रस्टकडे आहे.

आडनावांचा नकाशा काढायचा पहिला मोठा प्रयत्न हेन्री गपी यांनी 1890 साली केला. गपी पेशाने नौदलातले वैद्य, वृत्तीने निसर्ग-अभ्यासक. शेतकरी हा सर्वांत कमी हलणारा वर्ग, या हिशेबाने त्यांनी व्यापारी निर्देशिकांतली शेतकऱ्यांची नावे मोजली. पण एखाद्या परगण्यात दर 10,000 शेतकऱ्यांमागे 7 पेक्षा कमी आढळणारी नावे त्यांनी सोडून दिली. म्हणजे विरळ आडनावे चाळणीतून पहिल्याच झटक्यात गळाली. ती नीट दिसू लागली 1881 च्या जनगणनेची सर्व नावे उतरवून झाल्यावर, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस. त्या नकाशावर मर्गट्रॉइड हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड आणि कीथली या पट्ट्यात गोळा झालेले दिसतात, थोडे पेनाइन डोंगर ओलांडून लँकेशरच्या गिरण्यांकडे गेलेले, आणि बाकी देश जवळपास रिकामा. औद्योगिक क्रांतीचे शतक उलटूनही हे नाव आपल्या वाडीपासून दिवसभराच्या चालीच्या आत राहिले होते.

हा नकाशा पाहून आज जे बोलले जाते ते मात्र उथळ आहे. आडनावाचे कुलचिन्ह पाटीवर रंगवून विकणाऱ्यांची दखल घेण्याचे कारण नाही. इंग्लंडात कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. नकाशावरचा सर्वांत दाट ठिपका म्हणजेच उगमस्थान असे मानणाऱ्यांनी 1881 आणि 1379 यांच्यामध्ये पाच शतके असतात एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. अधिक विचार करावा लागतो तो तिसऱ्या मताचा, कारण त्याच्या अंगावर प्रयोगशाळेचा झगा आहे. ते मत असे: आडनाव विरळ असले, त्याच्या पुरुषांत बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र एकच आढळले, की त्या आडनावाचा मूळपुरुष एक.

या मताला बळ मिळाले 2000 साली. ऑक्सफर्डचे अनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या 48 पुरुषांची तपासणी केली. जवळपास निम्म्या जणांत वाय गुणसूत्राचा एकच नमुना निघाला, आणि तो शेजारच्या इतर लोकांत सापडला नाही. साइक्स हे नाव ओहोळावरून पडलेले. ओहोळ यॉर्कशरमध्ये ठायीठायी आहेत, त्यामुळे कागदपत्रांचे अभ्यासक या नावाला अनेक उगम मानत. प्रबंधाने निष्कर्ष काढला की हयात साइक्स पुरुषांचा आद्यपुरुष एकच असावा, आणि उरलेल्या निम्म्यांचा हिशेब पिढीमागे सरासरी 1.3 टक्के पितृत्वभंग धरून लागतो. वृत्तपत्रांना आणखी काय हवे होते?

इथे गुणसूत्रावरच्या तपासलेल्या खुणा फक्त चार होत्या, पण तो आक्षेप दुय्यम. नंतरच्या अभ्यासांत खुणा वाढल्या, माणसे वाढली. ‘पितृत्वभंग’ या शब्दाखाली व्यभिचाराबरोबर दत्तक, सावत्र बापाचे नाव, कुमारी मातेच्या मुलाने लावलेले आईचे आडनाव आणि सासरच्या जमिनीसाठी जावयाने घेतलेले नाव, हे सगळे एकाच पोत्यात भरले जाते. हाही आक्षेप खरा, पण मुख्य नव्हे. मुख्य आक्षेप तर्काचा आहे. आज एकच वंशधारा दिसते याचे दोन अर्थ संभवतात: आरंभी एकच होती, किंवा आरंभी अनेक होत्या आणि एकच उरली. पहिल्याला एकमूळ म्हणावे, दुसऱ्याला व्याकरणातला शब्द उसना घेऊन एकशेष म्हणावे. गुणसूत्र हयात माणसांचे असते. ते शेष सांगते. मूळ सांगण्याचा त्याला अधिकार नाही.

एकशेष ही दूरची शक्यता नाही; गणिताने पाहिले तर तीच अपेक्षित गोष्ट आहे. नामांकित घराणी का लोपतात, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी 1873 साली जाहीरपणे घातला आणि हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने तो सोडवायला घेतला. लोकसंख्या वाढत असली तरी प्रत्येक आडनाव अखेर लोपणारच, हे वॉटसन यांचे उत्तर चुकले. पण त्यांची रीत टिकली. लोकसंख्या स्थिर आहे, प्रत्येक पुरुषामागे वयात येणारा सरासरी एक मुलगा आहे आणि मुलगे निव्वळ योगायोगाने कमीजास्त होतात, असे धरले तर पहिल्याच पिढीत सुमारे 37 टक्के वंश खुंटतात, दुसऱ्या पिढीअखेर निम्म्याहून जास्त, आणि वीस पिढ्यांनंतर शंभरांतले नऊच्या आसपास उरतात. म्हणजे दहा वेगवेगळ्या ओहोळांकाठच्या, एकमेकांशी नाते नसलेल्या दहा माणसांनी साइक्स हे नाव घेतले असते, तरी आज त्यांतल्या एखाद्याचाच वंश शिल्लक असावा. आणि स्थिर लोकसंख्येचे गृहीत काही हवेतले नाही. 1348-49 च्या महामारीनंतर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडची लोकसंख्या दोन ते तीन दशलक्षांच्या दरम्यान अडकून पडली होती, आणि आडनावे पक्की होण्याचा काळ नेमका तोच.

अनुवंशशास्त्रज्ञांनाही हे ठाऊक आहे. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली 40 ब्रिटिश आडनावांच्या 1,678 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडनाव जितके विरळ तितकी गुणसूत्रे सारखी, हे त्यात स्पष्ट दिसते. स्मिथ मंडळी रस्त्यावरच्या कोणाही इंग्रजासारखी निघाली. नॉटिंगहॅमशरच्या एका गावावरून नाव पडलेल्या ॲटनबरोंपैकी मात्र बहुसंख्य एकाच धारेचे. पण या जोडीने आकडेमोड करून हेही दाखवले की असे साम्य घडवण्यात मूळपुरुषांच्या संख्येपेक्षा पुढच्या काळातल्या योगायोगी गळतीचा वाटा मोठा असू शकतो. हा भाग लोकप्रिय लेखनात कधी उतरत नाही.

किंग, जॉबलिंग आणि सहकाऱ्यांचाच 2007 चा एक शोध या चुकीवर उत्तम उतारा आहे. पूर्व यॉर्कशरच्या एका विरळ आडनावाच्या तपासलेल्या 18 पुरुषांपैकी 7 जणांत पश्चिम आफ्रिकेत आढळणारे, युरोपात अत्यंत दुर्मीळ असे गुणसूत्र निघाले. आता उरलेल्या अकरांच्या पूर्वजांना मुलगे झाले नसते अशी कल्पना करावी. मग सातांपैकी साती जण एकाच धारेचे ठरले असते, आणि एकमूळवाद्यांच्या रीतीने या आडनावाचा मध्ययुगीन मूळपुरुष आफ्रिकी असल्याचे जाहीर झाले असते. पुरावा बदलला नसता, शेष तेवढा बदलला असता.

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. अनेक गुणसूत्रे आढळली म्हणून अनेक मूळपुरुष होते असेही ठरत नाही. मूळ किती होते हे उगमाच्या काळाचा कागदच सांगू शकतो: त्या वेळी ते नाव किती ठिकाणी, किती घरांत होते.

मर्गट्रॉइडच्या बाबतीत एकमूळ मानायला आधार आहे, आणि तो कागदाचा आहे. नाव देणारी वाडी एकच, जुन्या नोंदी तिच्याच परिसरातल्या. तरी सावधगिरी हवीच. वाडी एक म्हणजे माणूस एक असे नाही. महामारीनंतर जमिनीचे कूळ बदलणे नेहमीचे होते, आणि नव्या कुळालाही वाडीचेच नाव चिकटू शकत होते. 1371 चा जॉन आणि 1379 च्या यादीतली माणसे एकाच बापाची होती की एकाच छपराखाली एकामागून एक नांदलेली, याचा निवाडा आजच्या कोणाच्याही लाळेतून होणार नाही. तो झालाच तर वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायसभेच्या गुंडाळ्यांतून होईल. जमिनीची प्रत्येक फेरनोंद, प्रत्येक वारस, प्रत्येक दंड त्यांत लिहिलेला आहे, आणि वॉर्ली त्याच जहागिरीत मोडे. या गुंडाळ्या 1274 पासून 1925 पर्यंतच्या आहेत. त्यांचे खंड 1901 पासून छापले जात आहेत, आणि बराचसा भाग अजून छापायचा आहे.