एकच रिव्हॉल्व्हर, तीन कामे?



आपल्या जिल्ह्यात भीतीला कारणे नाहीत असे कोणी म्हणणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला. तो यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चारपाचशे किलोमीटर चालत आला होता. त्याच वर्षी मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशा वार्ता उठल्या आणि लोकांनी रात्री जागून काढल्या. येरमाळा-तेरखेड्याच्या घाटरस्त्यावर धावत्या ट्रकमधला माल उतरवल्याच्या बातम्या तर आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. रानडुकरांचे काय सांगावे! हरभरा, भुईमूग, मका यांत त्यांचा कळप एक रात्र शिरला की शेतकऱ्याचे सहा महिने मातीत जातात.

अशा वेळी आपल्यातल्या काहींच्या, विशेषतः शेतवस्तीवर राहणाऱ्यांच्या मनात एक विचार येतो. परवाना काढावा, एकदाच पैसे घालावेत आणि एकच चांगले रिव्हॉल्व्हर घ्यावे. रात्री उशाशी राहील, शेतात डुकरावर चालेल, आणि सुट्टीत मुलांबरोबर निशाणेबाजीचा छंदही होईल. एका खर्चात तीन कामे. हिशेबी माणसाला हे पटण्यासारखे आहे. म्हणून त्याला हसण्यावारी न नेता आपण त्याचा नीट विचार करू.

आधी व्यवहाराचे पाहू, कारण येथे व्यवहारच बरेच काही शिकवतो. आपल्या देशात सामान्य नागरिकाला मिळणारे रिव्हॉल्व्हर म्हणजे मुख्यतः ०.३२ बोअरचे. लष्कर-पोलिसांच्या बोअरची शस्त्रे त्याला मिळत नाहीत. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले, तेही ०.३२ चेच, आणि किंमत लाखाच्या वर. या बोअरची गोळी चिडलेल्या रानडुकराला जागीच पाडील याचा भरवसा नाही. जखमी डुक्कर मात्र माणसाच्या मांड्या फाडते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. आणि शिकार? ती तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायचे झाले तरी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण त्या वेळी आपण स्वतःच त्या कायद्याविरुद्ध काही करीत असू, तर ही सवलत मिळत नाही. बंदूक घेऊन ससे-हरणांच्या मागे गेलो आणि बिबट्या आडवा आला, असे सांगून सुटका नाही.

१९५९ चा शस्त्र कायदाही कामे वेगळी ठेवतो. पीकरक्षणासाठी त्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, तर संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या बंदुकीचा. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही एकच हत्यार सगळीकडे चालेल असे वाटले नव्हते. निशाणेबाजीची तर गोष्टच निराळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. त्यांची हत्यारे खास त्या खेळासाठी घडवलेली असतात. उशाशी ठेवायला त्यांचा उपयोग नाही, आणि उशाशी ठेवायच्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने पदक मिळत नाही.

पण समजा, उद्या कोणी असे रिव्हॉल्व्हर बनवले की जे तिन्ही कामे उत्तम करील. मग प्रश्न मिटला का? आम्हांला वाटते, खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा प्रश्न हाताळला. त्यांचे म्हणणे असे की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. आपला जीव वाचणे हा एक, आणि हल्लेखोराचा जीव जाणे हा दुसरा. पहिला आपला हेतू असावा, दुसरा नसावा. आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर स्वसंरक्षण असूनही ते कृत्य चुकीचे ठरते. ख्रिस्तसभेची शिकवण आजही याच वाटेने जाते, आणि त्यात एक भर घालते. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याला त्यांचे रक्षण करणे हा केवळ हक्क नव्हे, गंभीर कर्तव्यही असू शकते. तेव्हा शेतवस्तीवरच्या बापाला ‘दुसरा गाल पुढे कर’ एवढेच सांगून आपण घरी जाऊ शकत नाही. आपला देशाचा कायदाही फार दूर नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा नाही.

आता या कसोटीवर आपले तीन कामांचे रिव्हॉल्व्हर ठेवून पाहा. डुकरावर गोळी झाडताना हेतू मारण्याचाच असतो, आणि असायलाच हवा, अर्धवट जखमी करणे हे क्रौर्य आहे. निशाण्यावर गोळी झाडताना समोर जीवच नसतो. आणि चोरासमोर उभे राहताना हेतू मारण्याचा असताच कामा नये. तीन ठिकाणी तीन वेगळी मने लागतात. हत्यार एक, सवय एक, बोट एक. अंधारात, झोपेतून उठून, कुत्री भुंकत असताना यातले कोणते मन जागे होईल? पुठ्ठ्याच्या माणसावर शंभर वेळा नेम धरलेला हात त्या क्षणी थांबून विचार करील, याची खात्री आपल्यापैकी कोण देईल?

शिवाय डुकराला पुरेल असे बळ निवडले की ते माणसासाठी आपोआप जास्त होते. आपल्या वस्त्यांवर पत्र्याच्या भिंती आहेत. पत्रा गोळी अडवत नाही. पलीकडे कोण झोपले आहे हे गोळी विचारत नाही.

आणि समोरचा चोरच आहे हे कशावरून? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भटक्या माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसे होती. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. मारणाऱ्यांनाही वाटत होते की आपण आपल्या लेकरांचे रक्षण करतो आहोत. आपल्याकडे पारधी बांधवांकडे आजही कोणत्या नजरेने पाहिले जाते? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का मनातून गेला नाही. अशा मनाच्या हाती रात्री भरलेले रिव्हॉल्व्हर द्यायचे का, हे ज्याचे त्याने तपासावे.

जुन्या लोकांना आणखी एक आठवण असेल. रझाकारांच्या काळात आपल्या भागातल्या माणसांनी जीव वाचवण्यासाठी शस्त्रे उचलली. त्यांना दोष कोण देईल? पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर जे अत्याचार झाले, त्यांत आपला जिल्हा सर्वाधिक झळ बसलेल्यांपैकी होता, असे सुंदरलाल समितीने नोंदवले आहे. बचावाचा हात केव्हा सूड घेऊ लागला, हे त्या हातांनाही कळले नसावे.

शस्त्र एका हेतूशी आणि एका मालकाशी बांधून राहत नाही. (आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर एकेकाळी असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. आज पर्यटक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात. सगळ्याच शस्त्रांचा शेवट असा निरुपद्रवी होत नाही.) घरातले शस्त्र बहुधा घरातल्याच कोणाच्या हाती लागते. हे लिहिताना हात जड होतो, पण आपल्या जिल्ह्यात लिहिलेच पाहिजे. नापिकी, कर्ज, मुलीचे लग्न यांनी खचलेल्या किती शेतकऱ्यांना आपण पोचवून आलो आहोत! घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे परदेशांतल्या अनेक अभ्यासांतून दिसले आहे. कारण साधे आहे. निराशेची लाट पुष्कळदा ओसरते, पण गोळी ओसरायला वेळ देत नाही. चोर कदाचित जन्मात येणार नाही. वाईट रात्र मात्र प्रत्येक घरात येते.

मग माणसाने करावे काय? डुकरांसाठी सौरकुंपण, गावकऱ्यांची आळीपाळीने राखण, वनविभागाकडे भरपाईचा अर्ज, आणि तेरखेड्याचे फटाके आहेतच. (तारेत घरची वीज सोडण्याचा अघोरी उपाय मात्र कोणी करू नये, त्यात माणसे मेली आहेत.) मुलांना नेमबाजीची आवड असेल तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एअर रायफलने सुरुवात करावी. रात्रीसाठी मजबूत दार, दिवा, कुत्रा, शेजाऱ्याचा नंबर आणि ११२. यातले एकही साधन तिन्ही कामे करीत नाही, आणि आम्हांला तेच बरे वाटते.

कोणी म्हणेल, पोलीस ठाणे वीस किलोमीटरवर, ११२ ची गाडी येईपर्यंत सारे संपलेले असेल. हे खरे आहे, आणि याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. खरोखर जिवाला धोका असलेल्या माणसाने रीतसर परवाना घेऊन शस्त्र ठेवले तर त्याला आपण पापी म्हणणार नाही. पण ते त्या एकाच कामासाठी असावे, कुलुपात असावे, काडतुसे वेगळ्या जागी असावीत. लग्नाच्या वरातीत ते निघू नये. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती, पण त्यानंतर हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांसमोर आल्या, आणि २०२५ मध्ये प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्यांतल्या कित्येकांनी अर्जात ‘स्वसंरक्षण’ असेच लिहिले असेल.

गेथसेमानीच्या बागेत पेत्राजवळ तलवार होती आणि कारणही चांगले होते, गुरूचा जीव. तिने तुटला तो मल्खाचा कान, एका नोकराचा. प्रभूने पेत्राला तलवार म्यान करायला सांगितले आणि त्या नोकराला बरे केले.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्रपरवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज भरण्याआधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवावे. हे शस्त्र कोणासाठी ठेवले आहे, गेल्या पाच वर्षांत ते कितीदा आणि का बाहेर काढले, हे मोकळेपणाने बोलावे. घरधनिणीचे मत शेवटी नव्हे, आधी विचारावे.