मागचा दिवा



गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा दिसत नाही. पुढचा दिवा बिघडला तर लगेच कळते, कारण अंधारात आपल्यालाच रस्ता दिसेनासा होतो. मागचा गेला तर आपले काहीच अडत नाही. ब्रेकवर पाय पडतो, गाडी थांबते, सगळे ठीक वाटते. अडते ते मागून येणाऱ्याचे, आणि त्याला ते फार उशिरा कळते. उसाचा गाळप हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून या रविवारी याच विषयावर बोलण्याचे आम्ही ठरवले. प्रवचनात वायरिंग कुठून आली, असे कुणी म्हणेल. प्रभू येशूने बी, जाळे, खमीर आणि दिवठणीवरचा दिवा घेऊनच लोकांना शिकवले, एवढे त्यावर पुरे.

२०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात आम्ही दोन महिने सेवा दिली. तिथे अनेकांच्या दारात होडी असते. सुटीच्या दिवशी ती ट्रेलरवर ठेवून, मोटारीमागे जोडून किनाऱ्यावर नेतात. किनाऱ्याला सिमेंटचा उतार बांधलेला असतो. त्यावरून ट्रेलर उलटा पाण्यात घालायचा, होडी तरंगू लागली की सोडून द्यायची. म्हणजे ट्रेलरचे मागचे दिवे दर खेपेला खाऱ्या पाण्यात बुडतात. दिवा टिकू नये म्हणून मुद्दाम एखादी रीत शोधून काढावी, तसा हा प्रकार! पेटून तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की काच तडकते, म्हणून जाणते लोक पाण्यात उतरण्यापूर्वी ट्रेलरची पिन मोटारीपासून काढून ठेवतात. हल्ली पूर्ण बंदिस्त एलईडी दिवे आल्यापासून काच तडकण्याचा प्रश्न कमी झाला आहे. वायरीचा आणि जोडांचा प्रश्न मात्र तसाच आहे.

तिथल्या गायकवृंदातील एक निवृत्त गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ट्रेलर दुरुस्त करून देत. संध्याकाळी आम्ही त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसत असू. लोक नवा बल्ब हातात घेऊनच यायचे. ते गृहस्थ बल्बकडे पाहतसुद्धा नसत. आधी ते मोटारीच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावून पाहायचे, कारण दोष ओढणाऱ्यात आहे की ओढल्या जाणाऱ्यात, हे आधी ठरले पाहिजे. (नवराबायकोचे भांडण आमच्यापुढे येते तेव्हा हा टेस्ट लॅम्प जवळ असता तर, असे फार वाटते.) मग ते पांढऱ्या वायरीकडे वळत. तिकडच्या साध्या ट्रेलरला चार वायरी असतात. तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजव्या बाजूची, आणि पांढरी अर्थिंगची. ते म्हणत, "फादर, दिवा क्वचितच खोटा असतो. दहात आठ वेळा अर्थिंगच गेलेले असते."

अर्थिंग तुटले की गंमत होते. दिवा लगेच विझत नाही. वीज परतीची वाट शोधत भलतीकडून जाते, कधी मोटारीच्या ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्या गंजक्या गोळ्यातून, कधी दुसऱ्या बाजूच्या बल्बातून. मग डावा इंडिकेटर दिला तर दोन्हीकडे मंद लुकलुक होते. ब्रेक दाबला की दिवा उजळण्याऐवजी मिणमिणतो. मागच्याला काहीतरी दिसते, पण काय समजावे ते कळत नाही. सेमिनरीत लॅटिनच्या तासाला शिकलेली एक गोष्ट तेव्हा आठवली. नम्रतेला लॅटिनमध्ये 'हुमिलितास' म्हणतात आणि तो शब्द 'हुमुस' म्हणजे माती या शब्दापासून आला आहे. ज्याचा जमिनीशी जोड सुटला, त्याचेही असेच होते. घरात तो धर्माचे बोलतो, देवळात पुढे बसतो, पण मागून येणाऱ्या मुलाबाळांना त्याच्यामागे कुठे वळावे हे समजत नाही.

दुरुस्तीची त्यांची पद्धत कडक होती. जोडावर नुसती टेप गुंडाळलेली दिसली की ते नाराज होत. टेपखाली पाणी साचते आणि आतल्या आत तांब्याला हिरवा गंज चढतो. वायर कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे जायचे. हातभर कापूनही काळेच तांबे निघाले, तर जोडत बसायचे नाही. पुढून मागेपर्यंत नवी वायर ओढायची आणि अर्थिंगसाठी गंजक्या सांगाड्यावर भरवसा न ठेवता प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वायर द्यायची. जोडाची जागा पॉलिश पेपरने घासायची, वर ग्रीस लावायचे. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचे. दर वर्षी तेच पापनिवेदन त्याच शब्दांत करणाऱ्यांनी या टेपचा जरा विचार करावा, एवढेच सुचवतो.

सगळे झाले की ते बायकोला हाक मारत. ते गाडीत बसून ब्रेक दाबायचे, ती मागे उभी राहून ओरडायची: "डावा आहे. उजवा नाही." चाळीस वर्षे हे काम केलेला माणूस, पण मागे कुणीतरी उभे राहिल्याशिवाय त्यालाही कळत नसे.

हे सगळे त्या समुद्रकाठी ऐकले तेव्हा आवडले होते. त्याचे वजन कळले ते इथे, आपल्या रस्त्यावर. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही एका सव्वीस वर्षांच्या तरुणाचा अंत्यविधी केला. रात्री तो मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली चाक पंक्चर होऊन उभी होती आणि तिला मागे दिवा नव्हता. त्याची आई आम्हाला पुनःपुन्हा सांगत होती, "फादर, त्याचा हेडलाइट चांगला होता हो." ट्रॉलीवाला काही दुष्ट माणूस नव्हता. मातीच्या वेळी तो फाटकाबाहेर उभा होता, आत यायचे धाडस त्याला होत नव्हते. नंतर समजले की ट्रॉलीची वायर दिवाळीपासून तुटून लोंबत होती. कारखान्याच्या रांगेत तिच्यामागे रोज दहावीस ट्रॅक्टर उभे राहत. तो विझलेला दिवा सगळ्यांनी पाहिला होता.

कुणी बोलले का नाही? आपल्याकडे 'मला काय करायचंय' या वाक्याला शहाणपण मानतात. दुसरे असे की सांगणाऱ्याला उत्तर मिळते, "आधी तुझं बघ." मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू सांगतो की भावाचे चुकले तर आधी एकट्याने जाऊन त्याला दाखव, चारचौघांत बोभाटा नको. संत थॉमस अक्वायनस यांनी तर भावाची चूक दाखवणे हे प्रीतीचे कृत्य मानले आणि त्याला आध्यात्मिक दानधर्मात बसवले. दान हे देणाऱ्यालाच नव्हे, घेणाऱ्यालाही जमावे लागते. "भाऊ, तुमचा मागचा दिवा लागत नाही" असे कुणी रस्त्यात हात करून सांगितले, तर थांबावे, उतरून पाहावे आणि त्याला दोन शब्द बरे बोलावेत. घरात बायकोने किंवा वाढत्या मुलाने तेच दुसऱ्या शब्दांत सांगितले, तर तिथे हे जास्त कठीण जाते, हे आम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात आपल्या युवक मंडळातील दोन इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प घेऊन थांबतील. तपासणीचे पैसे नाहीत. बल्ब, वायर लागल्यास तेवढी किंमत द्यावी. मागे लावायच्या लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्याही ठेवल्या आहेत. ट्रॉलीवाल्यांनी ट्रॉली जोडूनच यावे, नुसता ट्रॅक्टर आणू नये. सोबत घरचे कुणीतरी हवे, मागे उभे राहून सांगायला.