जरीची तार

दिवाळीला पैठणी पेटीतून बाहेर निघते, पदरावरून हात फिरतो आणि "जरी खरी ना?" असे कोणीतरी विचारतेच. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते; तिच्यावर सोन्याचा मुलामा. चांदीतून वीज वाहते, हे आम्ही मास्तर मंडळी वर्गात घोकून घेतो. पदरातून ती वाहील, हे मात्र मनात येत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांच्या ते मनात आले. १९९७ साली त्यांनी एक तलम रेशमी कापड विजेच्या कामाला लावले. त्याच्या आडव्या धाग्यांवर तांब्याचा वर्ख गुंडाळलेला होता; उभे धागे साध्या रेशमाचे. तांबे तांब्याला शिवत नसल्यामुळे प्रत्येक आडवा धागा म्हणजे एक स्वतंत्र तार! कापड जुन्याच तऱ्हेचे, दृष्टी नवी. त्या दृष्टीचे श्रेय दोघांना मिळाले, ते योग्यच. पण रेशमावर धातू असा गुंडाळायचा की तो मागावर टिकेल, हे ज्याने प्रथम साधले त्याच्याजवळ काय होते? आपण म्हणतो, कसब. हा शब्द मोठा लबाड आहे. तो पाठ थोपटतो आणि विद्येच्या उंबऱ्याबाहेर उभे करतो.

१९६९ साली माणसाला चंद्रावर नेणाऱ्या यानातील संगणकाची स्मृती हाताने ओवलेली होती. रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया सुईने तांब्याची तार चुंबकी कड्यांमधून ओवीत. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. इंजिनियर तिला थट्टेने 'म्हाताऱ्या बायांची स्मृती' म्हणत. कोणी म्हणेल, कोठे ओवायचे ते यंत्रच दाखवी. त्यांनी विचार कोठे केला? खरे आहे. पण शस्त्रवैद्याचा टाकाही पुस्तकात आधी लिहिलेलाच असतो की! त्याला आपण विद्या म्हणतो, आणि फीही देतो.

आता वीजवाहक दोरा विकत मिळतो. उद्या एखाद्या मुलीने परकरावर दिवा लागेल असे सर्किट शिवून आणले, तर गुण कोणत्या रकान्यात मांडायचे, विज्ञानाच्या की शिवणाच्या? मी विज्ञानाच्याच मांडीन. तिला टाका शिकवणाऱ्या आजीला परीक्षक म्हणून बोलावू द्याल का, एवढे मुख्याध्यापकांना विचारायचे राहिले आहे.