रुग्णाची साक्ष

डॉक्टरांशी बोललेले असत्य नैतिकदृष्ट्या कोणत्या प्रतीचे मानावे? त्याने कोणाचे द्रव्य हरण होत नाही, कोणाची अब्रू जात नाही. हानी झालीच तर ती बोलणाऱ्याचीच होते. मग स्वतःचेच नुकसान करणाऱ्या असत्याला पाप कशासाठी म्हणावे? हा प्रश्न माझ्यासमोर थायरॉइडच्या एका लहानशा गोळीने उभा केला.

माझी सारी नोकरी इंदूरला, राज्य शासनाच्या कोषालयात झाली. देयकावर ‘प्रत्यक्ष तपासून प्रमाणित’ असा शेरा असला की त्या शब्दावर विसंबून आम्ही रक्कम मंजूर करीत असू. न पाहता केलेल्या अशा सह्यांबद्दल मी अनेकांना कडक शब्दांत समज दिली आहे. खोट्या प्रमाणपत्रावर घेतलेला निर्णय नियमाप्रमाणे कितीही बिनचूक असला तरी तो चुकीचाच ठरतो, हे माझे आवडते वाक्य होते.

2016 साली माझी अवटू ग्रंथी मंदावल्याचे निदान झाले आणि थायरॉक्सिन सुरू झाले. पहाटे रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. कॅल्शियमची अथवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तासांचे अंतर राखायचे. नियम एवढाच. परंतु चहावाचून माझा दिवस उगवत नसे. गोळी चहाबरोबर जाई, तिच्यापाठोपाठ शेजारणीने सुचवलेली कॅल्शियमची गोळी जाई, आणि आठवड्यातून दोनदा तरी दोन्ही राहून जात.

“गोळी नियमित घेता ना?” डॉक्टर विचारीत.

“हो, रोज.”

रक्तातील टीएसएच मात्र वाढलेलेच असे. हे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक. थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते. जणू मुख्यालयाकडून अधीनस्थ कार्यालयाला जाणारी स्मरणपत्रेच. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून डॉक्टरांनी मात्रा 50 मायक्रोग्रॅमवरून 75, मग 100 आणि अखेर 125 केली. थकवा काही हटेना. तळपायांना मुंग्या येत, नावे आठवत नसत. तोही थायरॉइडचाच प्रताप, असे मी धरून चालले.

2023 च्या पावसाळ्यात मी दोन महिने मुलीकडे पुण्यास राहिले. तिची शिस्त कडक. पहाटे साडेपाचला गोळी व पाणी हातात, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. सहाव्या आठवड्यात माझे हात कापू लागले, छातीत धडधड होऊ लागली, झोप उडाली. रक्त तपासले तेव्हा टीएसएच 0.1 च्याही खाली गेले होते. हृदयाचा आलेख सुदैवाने ठीक निघाला.

इंदूरला परतल्यावर डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, “काकू, हा डोस तुम्हाला जास्त होतोय. मग इतकी वर्षं तोच कमी कसा पडत होता?”

लेखापरीक्षणात असाच एक साधा प्रश्न सारे बाहेर काढतो. मुलगी शेजारी बसलेली असताना मी सर्व कबूल केले. बोलणी बसतील अशी अपेक्षा होती. ते क्षणभर थांबून म्हणाले, “मी ‘घेता ना’ एवढंच विचारत आलो. ‘कशी घेता’ हे कधी विचारलंच नाही. ते माझंही चुकलं.” मग त्यांनी घरात असेल नसेल त्या प्रत्येक गोळीचे नाव मागितले. त्यात पित्ताची गोळी निघाली. औषध-दुकानातून स्वतःच आणलेली, सहा-सात वर्षे रोज घेतलेली. तिची गणना मी औषधात करीतच नव्हते. तिच्यामुळे पोटातील आम्ल घटते, थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही आणि दीर्घकाळ घेतल्यास जीवनसत्त्व बी-12 ही कमी पडू शकते. मी शाकाहारी, हे जीवनसत्त्व मला दूधदुभत्यातूनच काय ते मिळणार. तपासणीत ते फारच कमी निघाले. मुंग्या आणि विस्मरण यांचे मूळ तेथे होते. थायरॉक्सिन वाढवून ते बरे होणारे नव्हतेच. उलट वाढीव मात्रा दीर्घकाळ अंगी लागली असती, तर माझ्या वयात हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडे विरळ होण्याचा धोका होता.

असत्याने केवळ माझे नुकसान झाले, हे समर्थन येथे कोसळते. मी एका सुजाण माणसाचे ज्ञान माझ्याच विरुद्ध वापरायला लावले होते. त्यांचा निर्णय शास्त्रशुद्ध होता. प्रमाणपत्र खोटे होते. आणि ते मी दिले होते.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण. रुग्णाचे गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. अर्थात आठवण, सांगितले तसे करणे, निर्भयता आणि आपला विकार नीट सांगता येणे. आज्ञापालनाला त्यात स्थान आहे. परंतु ते चारांपैकी एक आहे. आपण मात्र चांगला रुग्ण म्हणजे आज्ञाधारक रुग्ण, एवढेच समीकरण मांडून ठेवले. आज्ञा पाळता आली नाही की मग पाळल्याचा देखावा करतो. माझ्या ‘हो, रोज’ मागे कपट नव्हते. भीड होती, शिस्तप्रिय अधिकारी म्हणून मिरवलेला लौकिक जपण्याची धडपड होती. निर्भयता नसेल तर ज्ञापकत्व संभवत नाही, हे त्या प्राचीन यादीचे मर्म मला उशिरा उमगले.

येथे कोणी विचारील, शरीर माझे आहे. गोळी न घेण्याचे स्वातंत्र्य मला नाही काय? अवश्य आहे. नकार देण्याचा अधिकार मला मान्य आहे; नकार देऊन होकार नोंदवण्याचा मान्य नाही. ‘पहाटे जमत नाही’ असे मी म्हटले असते, तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी गोळी घेण्याचा पर्याय होता. तो मला कळलाच नाही, कारण अडचण मी सांगितलीच नाही. स्वातंत्र्य म्हणून जे जपले, त्याने माझ्यापुढील पर्याय कमीच केले.

या जबाबदारीची दुसरी बाजूही आहे. दाराबाहेर चाळीस माणसे खोळंबली असताना आणि चूक सांगताच कपाळावर आठी उमटत असताना सत्य बोलणे सोपे नसते. रुग्णाला निर्भय करणे हे डॉक्टरांचेही कर्तव्य आहे. माझ्या डॉक्टरांनी आपली चूक आधी मान्य केली, म्हणून माझी मला सोसली.

आता मात्रा 75 वर स्थिरावली आहे. बी-12 ची इंजेक्शने झाली. पित्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सुटली. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे, हे मी विसरत नाही. जाताना एक कागद नेते: सर्व गोळ्या, त्यांच्या वेळा, चुकलेले दिवस. गेल्या खेपेस भाचीच्या लग्नात पाच दिवस चुकले होते. नेहमीचा प्रश्न आला आणि जुने उत्तर सवयीने जिभेवर आलेही. मी कागद पुढे केला.