कानातले आणि कानावरचे

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या डोक्यावर जुने, मोठे, दोन्ही कान झाकणारे हेडफोन पुन्हा दिसू लागले आहेत आणि धर्मग्रामातील मुलांना त्याची मोठी मौज वाटते. 'फादर, विमान चालवायला निघालात काय?' असे एकाने विचारलेही. पांढरा झगा आणि त्यावर ही काळी कमान, हे दृश्य शोभिवंत नाही, हे आम्हांलाही कळते. तरी कानात घालायचे ते नाजूक साधन खणात ठेवून हे अवजड लोढणे आम्ही पुन्हा का पत्करले, याचा खुलासा करणे प्राप्त आहे. कारण त्यामागे स्वरांच्या गोडीहून निराळाच एक प्रश्न दडलेला आहे.

कानातले साधन आमच्या पुतण्याने भेट दिले. त्याला इन-इअर मॉनिटर म्हणतात. त्याचा जन्म रंगमंचावरचा आहे. वाद्यवृंदात प्रत्येकाला स्वतःचा व इतरांचा आवाज ऐकू यावा म्हणून पूर्वी कलावंतांच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून ध्वनिक्षेपक ठेवीत. तबकड्या-ढोलांच्या गदारोळात तेही पुरत नसत. १९९५च्या सुमारास जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी कानात घट्ट बसणारी साधने घडविली आणि पुढे त्यांचा प्रसार झाला. कानाची वाट बुजली की बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही आणि म्हणून हलक्या आवाजातही सारे स्पष्ट ऐकू येते. आमच्या गायकवृंदाच्या तालमींचे ध्वनिमुद्रण त्यातून प्रथम ऐकले तेव्हा आम्ही थक्क झालो. कोणती बाई कोठे श्वास घेते, कोण पान उलटतो, सारे कळू लागले. तार कानामागून वळसा घेऊन झग्याच्या कॉलरीत नाहीशी होई. समोरच्याला काही दिसत नसे, याचे त्या वेळी आम्हांला कौतुकच वाटले.

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात एका सायंकाळी आम्ही पडवीत बसून असेच ऐकत होतो. सत्तरी ओलांडलेली एक मावशी आली. (ही हकीकत तिच्या संमतीने लिहीत आहोत, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.) गीताचा अखेरचा भाग चालू होता. अर्ध्या मिनिटात संपेल, मग कानातले काढू, अशा विचाराने आम्ही हसून बाकाकडे हात केला. ती बसली आणि बोलू लागली. गीत संपले, दुसरे सुरू झाले. एव्हाना तिचे बोलणे बरेच पुढे गेले होते. आता कानातले काढावे, तर आधीचे काहीच ऐकले नाही, हे उघड होणार! वाचकहो, हा एवढासा संकोच. त्यापायी आम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो आणि योग्य वाटेल तेथे मान डोलावीत राहिलो. ती समाधानाने उठून गेली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली ती रडवेली होऊन. विहिरीकडची वाडी धाकट्या मुलाच्या नावे करावी का, हे विचारायला ती त्या दिवशी आली होती. 'तुम्ही मान हलवलीत, म्हणून मी सही केली, फादर.' तेव्हापासून मुलींनी घरी येणे सोडले होते.

दोन रात्री आम्हांला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन आम्ही खरे काय ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चहा टाकते म्हणाली.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना असत्याचे प्रकार आम्ही पाठ केले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये एक सूक्ष्म भेद केला आहे. माणूस शब्दांनी जसे खोटे बोलतो तसेच कृतीने व खुणेनेही बोलू शकतो. मात्र जे आहे ते न दर्शविणे म्हणजे खोटेपणा नव्हे, जे नाही ते दर्शविणे हा खोटेपणा. हा भेद आठवून आम्ही प्रथम स्वतःच्या सुटकेची वाट शोधली, हे कबूल केले पाहिजे. तार लपलेली होती, एवढेच असते तर ते केवळ न दर्शविणे ठरले असते. पण आमची मान हलत होती. त्या मानेने 'ऐकतो आहे' असे सांगितले आणि ते असत्य होते.

यावर कोणी म्हणेल, दोष मानेचा. साधनाला शिक्षा का? म्हणणे रास्त आहे. निर्धाराचा माणूस ते साधन खुशाल वापरील आणि कोणी येताच काढून ठेवील. परंतु पापाचे नजीकचे निमित्त टाळावे, ही शिकवण आम्ही आयुष्यभर इतरांना देत आलो. मद्यपीला गुत्त्यावरून घरी जाऊ नको म्हणून सांगणाऱ्याने स्वतःच्या कानांपुरती सवलत कशी घ्यावी? उपाय दुबळ्या माणसाचा आहे, हे आम्हांला मान्य आहे.

गंमत अशी, की ही अडचण या यंत्रांच्या जनकांनाही फार पूर्वी जाणवली होती. १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन निघाला. एकट्यानेच ऐकत बसणे हा आसपासच्यांचा उपमर्द होईल, अशी शंका कंपनीचे अध्यक्ष आकिओ मोरिता यांना आली. प्रयोगासाठी घरी नेलेल्या नमुन्याने त्यांची पत्नी नाराज झाली होती! म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती, आणि दाबले असता संगीत मंद होऊन जवळच्याचे बोलणे कानी पडेल असे एक नारिंगी बटणही. ते बटण लवकरच नाहीसे झाले.

एका प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नाही. मुंबईला नोकरीला जाणारी धर्मग्रामातील एक मुलगी सांगत होती, की लोकलमध्ये ती कानात तार घालून बसते, पण पुष्कळदा काहीच लावलेले नसते. आगंतुकांनी बोलायला येऊ नये, एवढ्यासाठीच ती तार. आमच्या कृत्याचे हे नेमके उलट रूप. आम्ही ऐकत नसून ऐकण्याची खूण केली. ती ऐकत असून न ऐकण्याची खूण करते. काटेकोरपणे पाहता तीही खोटी खूणच. पण ती तार काढून टाक, असे तिला सांगायला आमची जीभ धजली नाही आणि आजही धजत नाही.

आमचे जुने हेडफोन पाठीमागून जाळीचे आहेत. ही उघडी रचना १९६८ साली सेनहायझर या जर्मन कंपनीने प्रथम बाजारात आणली. जाळीतून आतले बाहेर झिरपते आणि बाहेरचे आत येते. त्यामुळे गायकवृंदाच्या सुरांत हल्ली फाटकाची कडी, शेजारची फोडणी, कोंबड्यांचा कलकलाट, सारे मिसळते. श्वास व पाने पूर्वीसारखी ऐकू येत नाहीत, हा तोटा खरा. मे महिन्यात कान उकडून निघतात, चष्म्याच्या काड्या कानशिलात रुततात. एक लाभ अनपेक्षित होता. कान बुजले की स्वतःचाच आवाज कवटीत घुमतो, घास चावला तरी नगारा वाजल्यासारखे होते. आता सोबत गुणगुणले तर आमचा सूर कोठे उतरतो ते आम्हांला कळते. (तो बराच उतरतो.) मोठे हेडफोन कानांना निर्धोकच असतात, अशा समजुतीत मात्र कोणी राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजाची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे. ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. आवाज वाढविणारा हात दोन्हीकडे एकच असतो.

पण आम्हांला हवे होते ते मिळाले. आम्ही ऐकत आहोत की नाही, ते आता फाटकातूनच दिसते. लोक अंगणातल्या क्रुसापाशी थांबतात, हात हलवतात. आम्ही ती कमान उतरवून खुंटीला लावतो आणि मग बोलणे सुरू होते.

मावशी अधूनमधून येते. वाडीचा कागद नोंदवला गेला आहे. आम्ही दोन्ही मुलींना भेटून चूक सांगितली. एकीने ऐकून घेतले, दुसरीने दार उघडले नाही. परवा मावशी आली तेव्हा हेडफोन खुंटीलाच होते. तरी तिने आधी जवळ येऊन आमच्या दोन्ही कानांकडे नीट पाहिले आणि मगच बाकावर बसली.