दिंडी एक, चुली दोन

धर्म माणसांना जोडतो की तोडतो, हा वाद घालायला बसले की दोन्ही बाजूंना पुरावे हवे तेवढे सापडतात आणि वाद जागचा हलत नाही. हा प्रश्न लांबून विचारण्यात अर्थच नाही. तो चुलीपाशी जाऊन विचारावा.

इरावती कर्वे पंढरीच्या वारीला चालत गेल्या होत्या. त्या वाटेवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख मराठी वाचकांना ठाऊक आहे. पंढरीला जाणाऱ्या माणसांवरून महाराष्ट्राची व्याख्या त्यांनी केली ती याच लेखात. ती व्याख्या आपण भाषणांतून मिरवतो. लेखातली दुसरी नोंद मात्र फारशी कुणी काढत नाही. दिंडी एक होती, अभंग तेच होते, चालणे बरोबरीने होते. पण मुक्कामाला पोचले की ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा. हे त्यांना वाटभर सलत राहिले. मग त्या मराठा बायांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बाया मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरची सुखदुःखे सांगू लागल्या, आणि शेवटी शेवटी ‘ताई’ म्हणू लागल्या. बरोबरीने अभंग म्हणून जे झाले नव्हते ते एका जेवणाने झाले.

याचा अर्थ वारीतली समता खोटी, असा कुणी काढू नये. वयाने, मानाने मोठा माणूसही समोरच्याला ‘माउली’ म्हणून वाकतो. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो तेव्हा दही-लाह्या एकमेकांच्या तोंडात घातल्या जातात. ज्या समाजात कुणाच्या हातचे पाणी प्यायचे याचे नियम होते, तिथे हे थोडेथोडके नव्हे. पण काला एका दिवसाचा आणि चूल रोजची. सणापुरती सवलत द्यायला आपला समाज नेहमीच उदार राहिलेला आहे.

पंढरपूरच्या देवाचे वैशिष्ट्य असे, की त्याच्या पायांवर थेट डोके टेकवता येते. मधे पुजारी नाही, अंतर नाही. आणि याच देवाच्या महाद्वाराशी, नामदेवांच्या पायरीसमोर, महार जातीत जन्मलेल्या चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्याची, समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना कूस कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या, अशी परंपरेची कथा. ज्याच्या हाडांतूनही विठ्ठलाचे नाव ऐकू आले म्हणतात, त्याला जागा मिळाली ती दाराबाहेर. त्याचे अभंग दिंडीत म्हटले जात आणि त्याच्या जातीच्या माणसाला आत जाऊ दिले जात नसे. यात काही विसंगती आहे असे शतकानुशतके फारच थोड्यांना वाटले.

रमाबाई आंबेडकरांची पंढरपूरला जायची फार इच्छा होती, असे चरित्रकार सांगतात. जिथे बाहेरूनच परतावे लागते तिथे कशाला जायचे, आपण आपली दुसरी पंढरी उभी करू, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उत्तर होते. मे १९३५ मध्ये रमाबाई वारल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली.

साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने ते मंदिरप्रवेशासाठी महाराष्ट्रभर फिरले होते. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि दार सर्वांना उघडण्याचे ठरले. तेव्हाची एक हकीकत पंढरपुरात अजून सांगतात. देऊळ खुले होण्याआधी विरोधकांनी मंत्र म्हणून मूर्तीतले तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतले. म्हणजे उरला तो नुसता दगड, त्याला कुणी का शिवेना! काही निष्ठावंतांनी त्यानंतर देवळाची पायरी चढणे सोडले.

या घागरीची थट्टा करणे सोपे आहे. मला ती जास्त अस्वस्थ करते ती तिच्यामागच्या श्रद्धेमुळे. ही माणसे ढोंगी असती तर गोष्ट सोपी होती. जन्मभराचे दर्शन सोडणे ही काही हौस नव्हे. उपाशी बसलेल्या गुरुजींचा विठ्ठल आणि घागर भरणाऱ्यांचा विठ्ठल एकच. भांडण देवावरून नव्हतेच, त्याच्या पायाला हात कुणाचा लागावा यावरून होते. परक्या धर्माशी लढताना निदान समोरचा वेगळा दिसतो. इथे दोघेही तुळशीची माळ घातलेले.

पुढे २०१४ मध्ये बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयात संपले आणि मंदिर समितीने पुजाऱ्याच्या कामासाठी सर्व जातींकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले. ही बातमी चार दिवस चालली आणि मागे पडली. खरे तर ती आषाढीच्या गर्दीच्या आकड्यापेक्षा मोठी होती.

या सगळ्यात गाडगेबाबांचा मार्ग मला वेगळा वाटतो. ते देवळाच्या वादात पडले नाहीत, कीर्तन वाळवंटात करीत. पण पंढरीला आलेल्या महार वारकऱ्याने रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न त्यांनी उचलला आणि चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. तीही एका अर्थी वेगळी चूलच, पण ज्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हते त्यांच्यासाठी मांडलेली. मंदिर खुले झाल्यावर दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, बाबांनी ती इमारत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी.